प्रवास-साहाय्याचा हिशेब : उघडें काय असावें, झांकलेलें काय

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याचा प्रवास आतां आठवड्याच्या बाजारापुरता आणि आषाढीच्या वारीपुरता राहिलेला नाहीं. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो आणणारा, ओतूर-आळेफाट्याकडील कांदेवाला, सातगांव पठारावर बटाटा घेणारा, कुकडीच्या पाण्यावर द्राक्षबाग उभी करणारा, असा प्रत्येकजण दुसऱ्याची शेती पाहिल्यावांचून आपली सुधारत नाहीं हें अनुभवानें जाणतो. कोणी राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत जातात, कोणी बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राचीं प्रात्यक्षिकें पाहून येतात, तर कांहीं जणांची मजल इस्राएल व हॉलंडपर्यंत गेली आहे. परदेशच्या अभ्यास-दौऱ्यांना सरकारी योजनेंतून खर्चाचा कांहीं भाग मिळाला, तरी बाकीचा शेतकऱ्यानें स्वतः घालावयाचा असतो. हा बाकीचा भाग ज्यास झेपत नाहीं त्याच्यासाठीं, त्याचप्रमाणें जवळच्या सहलींसाठीं, शेतकऱ्यांचे संघ, शिक्षणमंडळें व विश्वस्त संस्था यांनीं आपल्या निधींतून साहाय्य द्यावें ही पद्धति चांगली आहे, आणि ती वाढत जावी अशीच आमची इच्छा आहे.

परंतु असा निधि उभा राहिला कीं त्याच्यामागोमाग एक प्रश्न उभा राहतो. कोणास किती पैसे दिले व कां दिले, हें सर्व सभासदांपुढें नांवानिशीं मांडावें, कीं तें कार्यकारी मंडळानें आपल्यापाशींच ठेवावें? वार्षिक सभेंत या प्रश्नावरून बोलाचाली होतात आणि बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या मतानें निकाल लागतो. म्हणून सभेचा दिवस उजाडण्यापूर्वीं या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें इष्ट आहे.

सर्व कांहीं उघड करावें असें म्हणणाऱ्यांची बाजू प्रथम घेऊं. त्यांचें म्हणणें असें कीं, पैसा सभासदांचा आहे, किंवा सभासदांच्या नांवावर देणगीदारांनीं दिलेला आहे. बी-बियाणें वांटलें तर तें शेतांत उगवलेलें दिसतें, अवजार दिलें तर तें गोठ्याजवळ उभें असलेलें दिसतें. प्रवासाचें तसें नाहीं. दौरा संपला कीं त्याची खूण म्हणून कांहीं छायाचित्रें तेवढीं उरतात. यामुळें सर्व साहाय्यांमध्यें मर्जीच्या माणसास देण्यास सर्वांत सोयीचें साहाय्य जर कोणतें असेल तर तें प्रवासाचें होय. चिटणिसाचा भाचा, अध्यक्षाचा व्याही, निवडणुकींत उपयोगीं पडलेला कार्यकर्ता, यांची वर्णी लागली तर ती कळणार कशी? शिवाय जेथें कांहींच वांकडें झालेलें नाहीं तेथेंहि यादी झांकली म्हणजे लोक वांकडेंच समजतात, आणि एकदां संशय पडला कीं पुढल्या वर्षीं वर्गणी मागावयास जाणाऱ्यास दारांतूनच परत यावें लागतें.

हें म्हणणें खरें आहे. आतां दुसरी बाजू पाहूं. साहाय्य मागणाऱ्यास आपण कां पैसे भरूं शकत नाहीं हें लिहून द्यावें लागतें. सोसायटीचें पीककर्ज थकलें आहे, घरांत दीर्घ आजार आहे, भावाभावांची वांटणी न्यायालयांत अडकली आहे, नवरा घर सोडून गेला असल्यानें शेती एकटी बाई पाहते, अशा स्वरूपाचीं तीं कारणें असतात. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला, पारपत्राची प्रत, आधार क्रमांक, बँकेच्या पुस्तकाचें पान असे कागद जोडलेले असतात. हें सर्व नांवासह सभेंत वाचलें गेलें किंवा फलकावर लागलें तर काय होतें, हें खेड्यांत राहणाऱ्यास सांगावयास नको. माणूस अडला आहे हें व्यापाऱ्यास कळलें कीं बांधावरच्या सौद्यांत भाव उतरतो. सावकारास कळलें कीं व्याज चढतें. सोयरीक जुळविणाऱ्यास कळलें तर मुलीच्या स्थळाची गोष्ट मध्येंच थांबते. जो एकटी बाई म्हणून अर्ज करते तिच्याविषयीं काय काय बोललें जाईल याचा विचार न केलेलाच बरा.

याचा परिणाम संस्थेच्या हेतूवरच होतो. ज्यास खरी गरज आहे तो अर्जच करीत नाहीं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या आदिवासी गांवांतील भातशेती करणारा, हिरडा गोळा करून विकणारा कातकऱ्याचा अथवा महादेव कोळ्याचा मुलगा, आपली गरिबी चार माणसांत वाचून दाखविली जाणार असें समजल्यावर प्रदर्शनाला जाण्याचा नाद सोडून देईल. अर्ज करील तो असा कीं ज्यास कारण लिहितांना लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं, म्हणजेच ज्यास साहाय्याची गरज सर्वांत कमी. म्हणजे वशिलेबाजी टळावी म्हणून जो नियम केला तोच निधीला गरजूंच्या हातांतून काढून सुखवस्तूंच्या हातांत घालील. आमच्या मतें या प्रश्नांतील खरा धोका तो हाच.

दोन्ही बाजू नीट ऐकल्या म्हणजे असें लक्षांत येतें कीं, त्या एकाच वस्तूविषयीं बोलत नाहींत. पहिली बाजू पैशाच्या वाटेविषयीं बोलते. पैसा कोठून आला, कोणाच्या हातानें, कोणत्या नियमानें व कोणत्या कामीं गेला, हें तिला पाहिजे आहे. दुसरी बाजू माणसाच्या स्थितीविषयीं बोलते. त्याचें दुखणें, त्याचें कर्ज, त्याच्या घरची अडचण झांकलेली असावी असें तिचें म्हणणें आहे. पैशाची वाट पूर्ण उघडी ठेवून माणसाची स्थिति झांकतां येते, आणि हें आपल्या मुलखांत फार पूर्वींपासून चालत आलें आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा एक लेख आहे. याच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आपल्या जुन्नरच्या मानमोडी डोंगरांत आहे, तेव्हां हें उदाहरण आपल्याला परकें नाहीं. उषवदातानें तीन हजार कार्षापणांचा कायमचा निधि ठेवला. त्यांतील दोन हजार गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें व एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच खर्चावयाचें. दोन हजारांच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रांसाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे. वाचकांनीं हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें आणि वीस गुणिलें बारा हेहि दोनशें चाळीसच होतात. हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकविला गेला व दप्तरांत नोंदला गेला, असेंहि त्या लेखांत म्हटलें आहे.

या लेखांत दात्याचें नांव, रक्कम, ती ठेवलेली जागा, व्याजाचा दर, घेणाऱ्यांची संख्या, प्रत्येकाचा वांटा व त्यास पात्र होण्याची अट हें सर्व आहे. फक्त त्या वीस भिक्षूंचीं नांवें नाहींत. त्या भिक्षूंपैकीं कोणाचें वस्त्र किती फाटलें होतें याचीहि नोंद नाहीं. तरीहि कोणत्याहि वर्षीं कोणाहि नागरिकास हिशेब तपासतां आला असता, कारण तपासण्यास जें लागतें तें सारें दगडावर होतें. जुन्नरच्या लेण्यांमध्येंहि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिल्याचा लेख आहे. देणाऱ्यानें नांव कोरावें, घेणाऱ्याचें नांव कोरूं नये, अशी ती रीत होती.

ही रीत आपल्या जत्रांमध्यें आजहि जिवंत आहे. जत्रेची वर्गणी कोणी किती दिली हें देवळाच्या ओट्यावर मोठ्यानें वाचलें जातें व खर्चाचा ताळेबंदहि मांडला जातो. पण महाप्रसादाच्या पंगतीस कोण कोण जेवून गेलें याची यादी कोणी करीत नाहीं, व केली तर गांव त्यास हंसेल.

कायद्याचा कलहि याच बाजूस आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचें ३२ वें कलम सभासदांनीं अवश्य समजून घ्यावें. त्या कलमान्वयें प्रत्येक सभासदास संस्थेच्या कचेरींत पोटनियम, तपासलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, कार्यकारी मंडळाची यादी, सभासदांची नोंदवही व सभांचीं इतिवृत्तें विनामूल्य पाहतां येतात. व्यवहारांच्या वह्यांविषयीं मात्र त्याच कलमांत असें आहे कीं, ज्या भागांत त्या सभासदाचा स्वतःचा व्यवहार नोंदलेला असेल तेवढाच भाग त्यास पाहतां येतो. संस्थेचा हिशेब सर्वांचा आणि शेजाऱ्याचें खातें शेजाऱ्याचें, हा भेद कायदा करणाऱ्यांनीं मुद्दाम केलेला आहे. ज्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीं नोंदलेल्या आहेत त्यांस आपले हिशेब तपासून घेऊन ते धर्मादाय कार्यालयाकडे पाठवावे लागतात. तपासनीस मूळ कागद पाहतो, आणि लोकांपुढें येतो तो तपासलेला हिशेब.

माहितीच्या अधिकाराचा अधिनियम, २००५ पुष्कळांच्या तोंडीं असतो, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें सरकारी कचेऱ्यांनीं अनुदानाच्या योजनांतील लाभार्थ्यांचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा असतो. आठव्या कलमांत व्यक्तिगत माहितीस अपवाद आहे, आणि २०२३ सालच्या व्यक्तिगत माहितीसंबंधींच्या नव्या कायद्यानें तो अपवाद अधिक रुंद करण्याची तरतूद केली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालींच दिलेला आहे. मात्र ज्या सहकारी संस्थांस सरकारचा मोठा पैसा नाहीं त्या माहितीच्या अधिकाराच्या कक्षेंत येत नाहींत, असें त्याच न्यायालयानें २०१३ सालीं केरळांतील एका सहकारी बँकेच्या प्रकरणांत ठरविलें. याचा अर्थ असा कीं, स्वतःच्या निधींतून साहाय्य देणाऱ्या संस्थेला काय उघड करावें हें बऱ्याच अंशीं स्वतःच ठरवावें लागतें. कायदा सांगत नाहीं म्हणून सारेंच झांकावें असा अर्थ कोणी काढूं नये.

युरोपांतील शेतकऱ्यांचा अनुभवहि बोधप्रद आहे. तेथें शेतीच्या अनुदानाची रक्कम घेणाऱ्या प्रत्येकाचें नांव, गांव व रक्कम सर्व जगास दिसेल अशा रीतीनें प्रसिद्ध करण्याचा नियम झाला होता. जर्मनीच्या हेसे प्रांतांतील एक शेतकी भागीदारी पेढी व एक शेतकरी यांनीं त्यास आव्हान दिलें. ९ नोव्हेंबर २०१० रोजीं युरोपीय न्यायालयानें निर्णय दिला कीं, करदात्यांस पैशाचा विनियोग कळावा हा हेतु योग्य आहे. परंतु साहाय्य किती काळ, किती वेळां, कोणत्या प्रकारचें व किती रकमेचें याचा कांहीं विचार न करतां सरसकट प्रत्येक व्यक्तीचें नांव प्रसिद्ध करणें हें प्रमाणाबाहेर आहे. पुढें २०१३ सालीं नवा नियम झाला. त्यांत नांवें पुन्हां प्रसिद्ध होऊं लागलीं, पण अगदीं लहान रक्कम घेणाऱ्या शेतकऱ्यांचीं नांवें गाळून त्या जागीं सांकेतिक खूण घालण्याचें ठरलें. मोठी रक्कम घेणाऱ्यानें नांव द्यावें, लहान रक्कम घेणाऱ्यास झांकून ठेवावें, हा मध्यममार्ग आपणांसहि घेण्याजोगा आहे.

या सर्वांवरून आमच्या संस्थांनीं कोणता नियम करावा, याविषयीं आमचें मत पुढें मांडतों.

पहिली गोष्ट, नियम व रक्कम पूर्ण उघडी असावी. निधि किती, देणगीदार कोण, पात्रतेच्या अटी कोणत्या, किती अर्ज आले, किती मंजूर झाले, कोणत्या दौऱ्यास एकूण किती खर्च झाला, हें वार्षिक अहवालांत छापलें जावें. एखाद्या देणगीदारास आपलें नांव नको असेल तर तेवढी सवलत द्यावी. परंतु खतें, औषधें किंवा यंत्रें विकणाऱ्या पेढीनें दौऱ्याचा खर्च दिला असेल तर तिचें नांव केव्हांहि झांकूं नये. त्या दौऱ्याहून परत आलेल्या शेतकऱ्यानें जर तीच औषधें वाखाणलीं, तर ऐकणाऱ्यास पैसा कोणाचा होता हें माहीत असलें पाहिजे.

दुसरी गोष्ट, निवड करणाऱ्यांस झांकण्याचा हक्क नाहीं. निवड समितींत कोण होते, त्यांपैकीं कोणाचें अर्जदाराशीं नातें अथवा देवघेव होती, व त्या वेळीं तो उठून बाहेर गेला होता कीं नाहीं, हें इतिवृत्तांत लिहावें. कार्यकारी मंडळाचा सभासद, पगारी नोकर किंवा त्यांचा जवळचा आप्त यास साहाय्य मिळालें असेल तर त्याचें नांव व रक्कम छापावी. ज्यानें अधिकार घेतला त्यानें उजेडांत उभें राहण्याचेंहि पत्करलें आहे.

तिसरी गोष्ट, जो अभ्यासासाठीं जातो त्याचें नांव उघड असावें, परंतु ज्या अडचणीसाठीं त्यास सवलत मिळाली ती झांकलेली असावी. परदेशीं गेलेल्या माणसाचें नांव गांवांत लपत नाहीं. तें लपविण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. शिवाय तो सर्वांच्या वतीनें पाहावयास गेलेला असतो, तेव्हां परत आल्यावर त्यानें काय पाहिलें हें गांवोगांव सांगावें व या मासिकांत लिहावें हें त्याचें कर्तव्यच आहे. पण एकाच दौऱ्यांत एकानें निम्मा खर्च भरला, दुसऱ्यानें कांहींच भरला नाहीं, हें वेगवेगळें दाखविण्याचें कारण नाहीं. दौऱ्याची एकूण रक्कम दाखविली कीं हिशेब पुरा होतो. दौऱ्यांत चार-पांचच माणसें असलीं तर 'दोघांस पूर्ण साहाय्य' एवढें लिहिल्यानेंहि ते दोघे कोण हें लोक अर्ध्या घटकेंत ओळखतात. अशा वेळीं दोन-तीन दौऱ्यांचे आंकडे एकत्र करून छापावे.

चौथी गोष्ट, ज्या साहाय्याचें कारण केवळ गरज हेंच आहे, म्हणजे विद्यार्थ्याचें गाडीभाडें, प्रदर्शनास येणाऱ्या दूरच्या वस्तीवरील शेतकऱ्याचा खर्च, रुग्णास पुण्यास नेण्याचें भाडें, तें संख्येनें व एकूण रकमेनेंच दाखवावें. तेथें नांव छापूं नये. नामंजूर झालेल्या अर्जदारांचीं नांवें तर कोणत्याहि परिस्थितींत बाहेर जाऊं नयेत. तसेंच साहाय्याचा धनादेश हातांत देऊन छायाचित्र काढण्याची जी हौस वाढली आहे ती सोडून द्यावी. त्या चित्रांत देणाऱ्याची शोभा होते, आणि घेणाऱ्यास मात्र तें जन्मभर पुरतें.

पांचवी गोष्ट कागदांची. पारपत्र, आधार, बँकेचें पुस्तक यांच्या प्रती एकाच जबाबदार माणसाच्या कुलपांत असाव्या. त्या भ्रमणध्वनीवरून या हातांतून त्या हातांत फिरूं नयेत, व हिशेब-तपासणी होऊन कायद्यानें ठरविलेली मुदत संपली कीं नष्ट कराव्या. दौऱ्याच्या तारखा व जाणाऱ्यांचीं नांवें परत आल्यावर प्रसिद्ध करावीं हें बरें. आपल्याकडे पुष्कळांचीं घरें गांवांत नसून मळ्यांत एकेकटीं आहेत. घरचा कर्ता पंधरा दिवस नाहीं हें आधींच जाहीर करण्यांत शहाणपण नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सातबारा आज कोणालाहि पाहतां येतो, त्यावरील कर्जाचा बोजाहि दिसतो. मग लपविण्याजोगें उरलें काय? यास उत्तर असें कीं, तलाठ्याच्या दप्तरांत कामापुरतें पाहतां येणें निराळें आणि भर सभेंत नांव घेऊन तें वाचलें जाणें निराळें. विहीर सर्वांची असली तरी तिचें पाणी दुसऱ्याच्या अंगावर ओतण्याचा परवाना कोणास मिळत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गरजेचीं कारणें झांकलीं तर खोट्या कारणांवर पैसे उकळले जातील, आणि मंडळ 'गोपनीय' म्हणून सर्व प्रश्न टाळील. ही भीति खरी आहे, आणि म्हणूनच झांकलेल्या कागदांवरहि पाहणारा डोळा असला पाहिजे. वार्षिक सभेनें कार्यकारी मंडळाबाहेरील दोन सभासद दरवर्षीं निवडावे; त्यांपैकीं एक शक्यतों स्त्री असावी. या दोघांनीं, तपासनीसाबरोबर, प्रत्येक झांकलेला अर्ज वाचावा. सभेपुढें त्यांनीं एवढेंच सांगावें कीं, इतके अर्ज पाहिले, इतके नियमास धरून होते, इतक्यांविषयीं शंका आहे. शंका असेल तेथें चौकशी व्हावी, आणि लबाडी सिद्ध झाली तर लबाडी करणाऱ्यास आडोसा मिळूं नये. झांकण अडचणीस आहे, अपहारास नाहीं, एवढें वाक्य नियमांत स्पष्ट लिहून ठेवावें.

शेवटची सूचना वेळेविषयीं आहे. हा नियम अर्ज मागविण्यापूर्वीं झाला पाहिजे, आणि काय छापलें जाईल व काय नाहीं हें अर्जाच्या कागदावरच मराठींत स्वच्छ लिहिलेलें असलें पाहिजे. सही करतांना ज्यास तें ठाऊक आहे त्यास पुढें तक्रार करण्यास जागा राहत नाहीं. अर्ज घेऊन झाल्यावर, पैसे वांटून झाल्यावर, सभेंत कोणी आरडाओरड केली म्हणून यादी बाहेर काढणें हा अर्जदाराचा विश्वासघात आहे. आणि कोणी रागावेल म्हणून ठरलेली यादी दडपणें हा सभासदांचा विश्वासघात आहे.

येत्या वार्षिक सभांमध्यें जुन्नर-आंबेगांवकडील सभासदांनीं आपापल्या संस्थेच्या चिटणिसास हें विचारावें कीं, प्रवास-साहाय्याविषयीं लेखी नियम आहे काय. असल्यास तो वाचून घ्यावा, नसल्यास तो करण्याचा ठराव मांडावा. एका पानांत मावेल एवढा तो नियम असतो, परंतु त्या एका पानामुळें देणगीदारास पैसा कोठें गेला हें कळेल, आणि डोंगरपट्टींतील शेतकऱ्यास आपली लाज गहाण न टाकतां जग पाहतां येईल.